गुलाबाच्या फांदीवर चालणारा कापसाचा बोळा: हा कोणता कीटक?

पायवाट
आज सकाळी गुलाबाला पाणी घालताना एका कोवळ्या फांदीवर कापसाचा अगदी बारका बोळा दिसला. वाऱ्याने येऊन अडकला असेल म्हणून काढायला बोट पुढे केलं, तर तो बोळा चालायला लागला. थोडं चालला, थांबला, पुन्हा चालला आणि पानामागे गेला. हातातलं भांडं खाली ठेवून मी वीस मिनिटं तिथेच उभी होते.

पट्टी धरून मोजला, जेमतेम ५ मिलिमीटर. रंग मळकट पांढरा, अधूनमधून तपकिरी कण. डोकं, डोळे, पंख काहीच दिसत नाही. शेंड्यावर हिरवा मावा (झाडाचा रस शोषणारे बारके किडे) बराच आहे आणि मुंग्यांची ये-जा असते. दोन फोटो डकवले आहेत, दुसरा जरा हललाय. ओळख सांगणाऱ्या ॲपने एका फोटोला पिठ्या ढेकूण म्हटलं आणि दुसऱ्याला बुरशी. मला दोन्ही पटत नाही.

मारायचा नाहीये, फक्त कोण आहे ते कळायला हवंय. सकाळपासून दुसरं काही सुचत नाही.

शेंडापाला
पिठ्या ढेकूणच आहे. माझ्या झाडांवर दोन वर्षं होता, त्यामुळे चांगलाच ओळखीचा आहे. पांढरं, कापसासारखं, कोवळ्या शेंड्यावर आणि सोबत मुंग्या, म्हणजे सगळं जुळतंय. एक दिसला तर पन्नास लपलेले असतात. आजच साबणाचं पाणी फवारा, उद्यावर टाकू नका.

सावली२२
मला पिठ्या वाटत नाही. पिठ्याची मादी एकदा सोंड खुपसून बसली की हलतच नाही म्हटलं तरी चालेल, हलली तरी अगदी सावकाश. पायवाट यांचा कीटक भराभर चालतोय. शिवाय पिठ्याच्या अंगावरची पावडर सारखी पसरलेली असते आणि कडेने मेणाचे आखूड तंतू असतात. फोटोत तसं काही नाही, नुसता विस्कटलेला ढीग दिसतोय.

माझा अंदाज: तुडतुड्यांच्या जवळच्या एखाद्या कुळातलं पिल्लू. काहींच्या मागच्या टोकाला पांढऱ्या मेणाचे झुबके असतात, इतके की मूळ किडा दिसतही नाही. पण ती पिल्लं धोका वाटला की टुणकन उडी मारतात. बोट जवळ नेल्यावर याने उडी मारली का?

पायवाट
नाही, उडी अजिबात नाही. बोट जवळ नेलं की जागच्या जागी थांबतो, फांदीला चिकटून बसतो. मग खरंच कचऱ्याचा कण वाटतो. मिनिटभराने परत चालायला लागतो.

ओलावा
उडीचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. इसस नावाच्या तुडतुड्याच्या पिल्लाच्या मागच्या दोन्ही पायांच्या बुडाशी चक्क दातेरी चाकं असतात. एकाचे दात दुसऱ्यात अडकतात, त्यामुळे उडी मारताना दोन्ही पाय एकाच क्षणी सुटतात आणि पिल्लू तिरकं फेकलं जात नाही. केंब्रिजच्या माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन यांनी २०१३ मध्ये हे दाखवलं. शेवटची कात टाकली की ती चाकं नाहीशी होतात, प्रौढाला नसतात. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

मूळ प्रश्नाकडे येतो. पिशवीत राहणारी अळी असू शकेल का? ती काड्या, वाळू, धागे चिकटवून स्वतःभोवती नळी विणते आणि ओढत नेते.

सावली२२
पिशवीवाली अळी चालते तेव्हा फक्त डोकं आणि पुढचे पाय बाहेर येतात, बाकी पिशवी फरफटत मागे. इथे पहिल्या फोटोत ढिगाखालून दोन्ही बाजूंना पाय आलेले दिसतात. मोठा करून पाहा, डावीकडे तीन मोजता येतात.

भिंगातून
फोटो बराच वेळ पाहिला. अंदाज आहे, पण आत्ता सांगत नाही. नाव ऐकलं की डोळ्यांना तेच दिसायला लागतं, आणि पायवाट यांच्यासारखं मन लावून बघणारं माणूस मिळालंय तर आधी त्यांनी पाहिलेलं ऐकायला आवडेल.

आतापर्यंत आपण सगळे त्या पांढऱ्या ढिगाचंच वर्णन करतोय. पायवाट, तुम्ही हे शोधा की तो ढीग त्याच्या अंगातून आलाय की अंगावर ठेवलाय. मेण असेल तर ते एकसारखं असतं, एकाच जातीचं, पिठासारखं किंवा दोऱ्यांसारखं. ठेवलेला माल असेल तर त्यात नाना वस्तू दिसतील.

मग तो तोंडाने काय करतो ते पाहा. त्यासाठी वरून नाही, समोरून आणि खालच्या बाजूने बघावं लागेल. साधं भिंग पुरे. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे तेच भिंग धरलं तर फोटोही बरा येतो. उजेड समोरून न टाकता एका बाजूने टाका, म्हणजे उंचसखलपणा कळतो. शेजारी आलेखाच्या कागदाची पट्टी ठेवा. एका छान फोटोपेक्षा अर्ध्या मिनिटाचा हललेला व्हिडिओ मला जास्त उपयोगी पडेल, कारण चाल फोटोत येत नाही.

आणि फवारणी कृपया थांबवा. साबणाचं पाणी मऊ अंगाच्या सगळ्याच किड्यांना मारतं, त्याला ओळखपाळख नसते.

शेंडापाला
मी अनुभवाने सांगितलं होतं. पण चालण्याचा मुद्दा बरोबर आहे, माझे पिठ्ये असे कधी धावले नाहीत. थांबतो.

पायवाट
दुसरा दिवस. सकाळी एक तास आणि संध्याकाळी दीड तास बसले. काय काय पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते.

तो ढीग त्याचा नाही! भिंगातून पाहिलं तर पांढरे तुकडे म्हणजे पोकळ, पारदर्शक, बारीक पाय असलेली टरफलं आहेत. माव्याची टाकलेली कात आहे ती, तशीच पानांवरही पडलेली आहे. मध्ये वाळलेल्या पानाचा चुरा, कसलेसे धागे आणि दोन-तीन सुकलेले, चिपटलेले मावे.

खाली सहा पाय. अंग तपकिरी, मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळतं. पुढे दोन वाकडे विळे आहेत, डोक्याएवढे लांब. चालताना शेपटीचं टोकही टेकवतो, जणू सातवा पाय.

संध्याकाळी तो माव्यांच्या गर्दीत शिरला. एका माव्याला त्या विळ्यांत पकडून वर उचललं, म्हणजे माव्याचे पाय फांदीवरून सुटले. मग कितीतरी वेळ हलला नाही. मावा हळूहळू बसत गेला, फुग्यातली हवा गेल्यासारखा. शेवटी नुसतं कातडं उरलं. आणि मग त्याने डोकं मागे, पार पाठीपर्यंत वाकवलं आणि ते कातडं ढिगात नीट खोचलं! दोनदा दाबून पाहिलं आणि पुढे गेला.

मी एकटीच होते, नाहीतर कुणालातरी हाक मारून दाखवलं असतं. अंधार पडेपर्यंत त्याने तीन मावे संपवले. व्हिडिओ डकवते आहे.

सावली२२
बापरे. व्हिडिओ चार वेळा पाहिला. माझं तुडतुडं पूर्ण बाद. सोंड असलेला रस शोषणारा किडा असे विळे कुठून आणणार!

भिंगातून
आता सांगतो. ही क्रायसोपाची अळी आहे, हिरव्या जाळीदार पंखांच्या कीटकाची. कुळाचं नाव क्रायसोपिडी. पायवाट, तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टींनी शंका उरू दिली नाही: विळ्यासारखे जबडे, आणि मान मागे टाकून पाठीवर ओझं रचणं.

ते विळे पोकळ आहेत. वरचा जबडा आणि त्याच्या खालचा भाग एकमेकांवर बसून दोन्ही बाजूंना एकेक नळी तयार होते. त्या नळीतून अळी आधी पाचक रस सोडते, भक्ष्य आतून विरघळतं आणि मग ते शोषून घेते. म्हणूनच मावा फुग्यासारखा बसलेला दिसला. अठराव्या शतकात रेओम्यूर या फ्रेंच अभ्यासकाने या अळ्यांना माव्यांचे सिंह म्हटलं होतं, ते नाव अजून टिकून आहे.

ओझं पाठीवर राहतं कसं? अशा अळ्यांच्या पाठीवर उंचवटे असतात आणि त्यावर लांब केस, काहींच्या केसांची टोकं आकड्यासारखी वळलेली. कचरा त्यात अडकतो. गोंद नाही, शिलाई नाही.

पिठ्यासारखी दिसणारी आणखी एक अळी आहे, ती इथे आली असती तर घोळ झाला असता. क्रिप्टोलीमस या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या भुंगेऱ्याची. तीही पिठ्या खाते आणि दिसतेही पिठ्यासारखी, पण तिचं पांढरं मेण तिच्याच अंगातून येतं, आणि तिच्याकडे असे लांब विळे नसतात. पिठ्या समजून लोक तिला चिरडतात, फार वाईट वाटतं.

तळटीप
एक शंका. क्रायसोपाची अळी मी चित्रांत पाहिली आहे, पिकावर मुद्दाम सोडतात ती. ती अशी नव्हती. फिकट, तपकिरी पट्ट्यांची, पाठ उघडी, बारक्या मगरीसारखी.

भिंगातून
बरोबर पाहिलंय. ती क्रायसोपर्ला वंशातली, त्या अळ्या उघड्याच फिरतात. त्याच कुळातल्या दुसऱ्या कित्येक वंशांतल्या अळ्या ओझं वाहतात. जबडे दोघींचे सारखेच. म्हणून मी ढिगाकडे न बघता तोंडाकडे बघा म्हणत होतो.

ओलावा
ओझं वाहण्याची ही सवय किती जुनी असेल असा विचार करून शोधलं. स्पेनमध्ये एल सोप्लाओ इथे सापडलेल्या राळेच्या खड्यात अशीच एक अळी जशीच्या तशी अडकलेली आहे, पाठीवरच्या ओझ्यासकट! वय सुमारे ११ कोटी वर्षं. ओझं नेच्याच्या पानांवरच्या केसांचं. २०१२ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध झालं, नाव ठेवलं हॅल्युसिनोक्रायसा डायोजेनेसी. म्हणजे डायनासोर फिरत होते तेव्हाही ही बाई पाठीवर कचरा रचत होती.

दोन_मुलांची_आई
धागा वाचून माझ्या मुलांनी अंगण पालथं घातलं आणि त्यांना खरंच एक सापडली. चावते का? विषारी आहे का?

भिंगातून
कधीकधी चावते. कपड्यावर, हातावर पडली की चाचपून पाहते. टोचल्यासारखं होतं, थोडी खाज आणि बारीक लाल ठिपका येऊ शकतो. माणसाला विषारी नाही. हातावर घेण्यापेक्षा पानासकट उचलून बघू द्या आणि तिथेच परत ठेवायला सांगा. दोन सापडल्या तर एका डबीत ठेवू नका, एक दुसरीला खाते.

पायवाट
चौथा दिवस. आज माझ्या हातून एक गोष्ट घडली, ती लिहायलाच हवी. पाठीचा फोटो नीट मिळावा म्हणून मी मऊ कुंचल्याने तिचं ओझं बाजूला केलं. वाटलं, हलकंच तर आहे. उघडी पडल्यावर ती सैरभैर धावायला लागली आणि नेमकी मुंग्यांच्या वाटेवर गेली. एका मुंगीने तिला कमरेला धरलं. मी मुंगी बाजूला केली, पण माझा हात थरथरत होता.

तिला पानावर घेऊन काढलेलं सगळं ओझं शेजारी ठेवलं. तिने लगेच रचायला सुरुवात केली. एकेक तुकडा जबड्यात धरायचा, मान मागे, खोचायचा, पुढचा. मधे खाणं नाही, थांबणं नाही. पुरती झाकली गेल्यावरच फांदीकडे निघाली. त्यानंतर दोन मुंग्या तिच्याजवळ आल्या. मिश्यांनी ढीग चाचपला, एकीने चावा घेतला, तोंडात टरफल आलं, ते टाकून निघून गेली.

फोटो मिळाला. पण परत असं करणार नाही.

भिंगातून
तुम्ही जे पाहिलंत, नेमका तोच प्रयोग थॉमस आयस्नर आणि सहकाऱ्यांनी केला होता, १९७८ मध्ये सायन्स नियतकालिकात आला. तिथला मावा लोकरीसारखं पांढरं मेण पांघरणारा, आणि मुंग्या त्याची राखण करणाऱ्या, कारण माव्याने टाकलेला गोड चिकट रस त्यांना हवा असतो. क्रायसोपाची अळी त्या माव्यांचंच मेण उपटून अंगावर घेते आणि राखणदारांच्या डोळ्यांदेखत त्यांनाच खाते. संशोधकांनी मेण काढून टाकलेल्या अळ्या सोडल्या, तर मुंग्यांनी त्यांना पकडून बाहेर काढलं. मेण पांघरलेल्यांना सोडून दिलं.

वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही ओझं तिला परत दिलंत, हे महत्त्वाचं.

शेंडापाला
आज मी माझ्या झाडांची पानं एकेक करून उलटी पाहिली. चार पानांवर केसासारखे बारीक उभे देठ आणि टोकाला हिरवट दाणे आहेत. अशी मी आधीही पाहिली होती, बुरशीचे कोंब समजून पुसून टाकली होती. हे काय आहे?

भिंगातून
तीच अंडी! मादी पानावर एक थेंब टेकवते, पोट वर उचलते, थेंबाचा धागा ओढला जाऊन हवेत कडक होतो, आणि त्याच्या टोकावर अंडं. मुंग्यांच्या वाटेपासून वर. आणि आधी बाहेर पडलेल्या भावंडापासूनही. ताजं अंडं हिरवट असतं, फुटायच्या आधी करडं होतं, रिकामं झालं की पांढरं. शेंडापाला, त्यांना राहू द्या.

शेंडापाला
राहू देणारच. किती पुसून टाकली याचा हिशेब मनातून जात नाहीये. त्या दोन वर्षांत मीच फवारत होतो आणि मावा-पिठ्या परत का येतात म्हणून विचारत होतो.

पायवाट
सातवा दिवस. ती दिसेना म्हणून जीव खालीवर झाला. शेवटी एका पानाच्या मागे, शिरेच्या खोबणीत, कचऱ्याचा गोल गोळा सापडला. वाटाण्यापेक्षा लहान, हलत नाही. भिंगातून पाहिलं तर ओझ्याच्या आत पांढरं गुळगुळीत काहीतरी आहे. कोष ना? पानाभोवती जाळीच्या कापडाची सैल पिशवी बांधली आहे, हवा खेळती राहील अशी.

भिंगातून
कोषच. ओझं बाहेर तसंच राहतं, आत रेशमाचं घट्ट आवरण. फुलपाखराची अळी रेशीम तोंडातून काढते. ही मात्र मागच्या टोकातून. ते रेशीम उत्सर्जनाच्या नळ्यांत तयार होतं. त्यात आणखी एक नवल आहे. अळीचं जठर मागच्या आतड्याला जोडलेलंच नसतं, त्यामुळे आयुष्यभर खाल्लेल्याचा सगळा निचरा ती साठवून ठेवते. प्रौढ झाल्यावर पहिल्यांदा टाकते, काळा कडक गोळा. पिशवीत शोधा, सापडेल.

किती दिवस लागतील ते ऊन-थंडीवर आहे. दोन आठवडे धरून चाला.

पायवाट
विसावा दिवस!

काल संध्याकाळी कोषाला झाकण उघडलेलं दिसलं. गोल, कापल्यासारखं, एका बाजूला बिजागरी असल्यासारखं लटकलेलं. पिशवीच्या कापडावर एक पांढरं, पाय असलेलं रिकामं कातडं. आणि त्याच्या वर ती.

पोपटी, अंगठ्याच्या नखाएवढं अंग आणि अंगापेक्षा लांब पंख, घराच्या छपरासारखे मिटलेले. पंखांतून पलीकडचं पान दिसत होतं, शिरांची बारीक जाळी हिरवी. डोळे सोन्याचे. सोनेरी रंगाचे असं नाही म्हणत, दिव्याच्या उजेडात ते आतून पेटल्यासारखे दिसत होते. मिश्या लांब, सतत हलणाऱ्या. त्या कचऱ्याच्या बोळ्यातून हे निघालं यावर विश्वास बसायला वेळ लागला. काळा गोळाही सापडला, मोहरीपेक्षा लहान.

अंधार पडताना पिशवी सोडली. ती बराच वेळ कापडाच्या कडेवर बसून होती. मग उडाली, फडफडत, सरळ नाही, आणि गुलाबावरून वर गेली.

ओलावा
फोटो पाहून अंगावर काटा आला. तिच्या पुढच्या पंखांच्या बुडाशी, शिरेत, कान असतात बरं का. वटवाघळाचा आवाज ऐकू आला की ती पंख मिटून हवेतून खाली पडते.

तळटीप
हे फक्त वाचून पुरणार नाही, उद्या सकाळी मीही पानं उलटी करणार.

सावली२२
आता प्रजाती कोणती ते ठरवता येईल का? चेहऱ्याचा फोटो चांगला आलाय, गालावर काळी रेघही दिसते.

भिंगातून
कुळ पक्कं. त्याच्या खाली मी या फोटोवरून जाणार नाही. रेघा आणि ठिपके उपयोगी पडतात, पण या कुळात हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या प्रजाती आहेत. क्रायसोपर्लात तर काही प्रजाती फक्त गाण्यावरून वेगळ्या ओळखतात. नर-मादी पोट थरथरवून फांदीतून कंप पाठवतात, प्रत्येक प्रजातीची लय निराळी, आणि लय जुळली तरच जोडी जमते. पायवाट, तारीख, झाड, मोजमाप, अळीचे आणि प्रौढाचे फोटो एकत्र ठेवा. अळी ते प्रौढ अशी एकाच जिवाची सलग नोंद फार कमी लोकांकडे असते.

पायवाट
ठेवली आहे. रिकामा कोष आणि कातडंही डबीत आहे. शीर्षक बदलावं का विचार करत होते, पण ज्याला असा बोळा दिसेल तो हेच शब्द टाकून शोधेल. तसंच राहू देते.

शेंडापाला
माझ्याकडच्या चार अंड्यांपैकी एक आज पांढरं पडून चुरगळलंय. देठ तसाच उभा आहे. अळी अजून दिसली नाही, भिंग घेऊन खालच्या फांद्या बघतोय. शेजारच्या शेंड्यावर मावा आहे, तिकडेच गेली असेल. उरलेली तीन करडी होत आली आहेत.